फ्रेंचमध्ये ८ ची ग्रेड आहे, पण ए-लेव्हल झेपेल का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी इंग्लंडमध्ये इयर ११ ला, म्हणजे आपल्या दहावीच्या सुमाराला आहे. जीसीएसई या त्या वर्षीच्या शालान्त परीक्षेत फ्रेंचमध्ये ८ ची प्रेडिक्टेड ग्रेड आहे (सगळ्यात वरची ९). सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे ए-लेव्हल परीक्षेच्या पुढच्या दोन वर्षांसाठी, बायोलॉजी आणि केमिस्ट्री ठरलंय, तिसरा विषय गणित की फ्रेंच यावरून घरात रोज खडाजंगी. मेडिसिनचा विचार आहे, पण नक्की नाही. मुलीला फ्रेंच मनापासून आवडतं. आईचं म्हणणं, आवड छंद म्हणून ठेव. बाबांना ऑफिसात कुणीतरी सांगितलंय की ज्यांच्या घरी फ्रेंच बोलतात तीच मुलं ए-स्टार ही सगळ्यात वरची ग्रेड घेऊन जातात, बाकीच्यांनी नादाला लागू नये. घरात मराठी बोलतात. मुलीला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तर हा विषय झेपेल का, त्याचा उपयोग काय, आणि घ्यायचा झाला तर तयारी कशी करायची?

मी फ्रेंच पुण्यात शिकले आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत ए-लेव्हलला शिकवतेय. दरवर्षी सप्टेंबरात माझ्या वर्गात आठ-नऊ ग्रेडवाली मुलं येऊन बसतात आणि दिवाळीच्या सुमारास त्यातली एक-दोन हळूच येऊन विचारतात, ‘मॅडम, अजून विषय बदलता येईल का?’ म्हणून झेपेल का याचं उत्तर मी त्या आठाकडे बघून देणार नाही.

जीसीएसईचा आठ काय सांगतो? मुलगी कष्टाळू आहे, पाठांतर चांगलं आहे आणि क्रियापदांचे नेहमीचे तीन काळ तिला हाताळता येतात. २०२६ च्या उन्हाळ्यापासूनच्या जीसीएसईच्या नव्या परीक्षेत तर शब्दांची यादीच ठरवून दिलेली आहे, वरच्या स्तराला साधारण १,७०० शब्द. ए-लेव्हलला अशी यादी नाही. उताऱ्यात तुरुंगसुधारणेवरचा लेख येईल, निवडणुकीवरची मुलाखत येईल, रॅप गायकाचं मनोगत येईल, आणि शब्दकोश नेता येत नाही. जीसीएसईला ‘मी सुट्टीत काय केलं’ एवढं नीट सांगता आलं की मार्क मिळतात. इथे ‘सोळाव्या वर्षी मतदानाचा हक्क द्यावा का’ यावर समोरचा तुमचं म्हणणं खोडून काढत असताना बोलत राहायचं असतं. खरी उडी ही आहे, आणि ती ग्रेडमध्ये दिसत नाही.

परीक्षेचा सांगाडा आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. इंग्लंडमध्ये तीन बोर्डं आहेत: एक्यूए, पिअरसन एडएक्सेल आणि एज्युकास. मी एक्यूए शिकवते, म्हणून त्याचंच सांगते. बाकीच्यांची विभागणी वेगळी असली तरी मामला साधारण तोच. पहिला पेपर अडीच तासांचा, १०० मार्कांचा आणि एकूण निकालात ५० टक्के वजनाचा: ऐकणं, वाचणं आणि दोन्ही बाजूंनी भाषांतर. ऐकण्याचं रेकॉर्डिंग मुलांच्या स्वतःच्या ताब्यात असतं, हवं तिथे थांबवता येतं, मागे नेता येतं. दुसरा पेपर दोन तासांचा, २० टक्के: दोन निबंध, एक पुस्तकावर आणि एक चित्रपटावर, किंवा दोन्ही पुस्तकांवर. प्रत्येकी साधारण ३०० शब्द, आणि समोर पुस्तक नाही. तिसरी तोंडी परीक्षा, ३० टक्के, तयारीची पाच मिनिटं धरून २१ ते २३ मिनिटं. तिचे दोन भाग. आधी एका कार्डावरून चर्चा, मग मुलाने स्वतः केलेल्या संशोधनाचं दोन मिनिटांचं सादरीकरण आणि त्यावर नऊ-दहा मिनिटांची उलटतपासणी.

या तोंडी परीक्षेने मला एकदा चांगला धडा शिकवला. शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. एक हुशार, अतिशय नीटनेटका मुलगा होता. प्रत्येक विषयावर त्याला मी उतारे लिहून दिले, तपासून दिले आणि घटवून घेतले. लाइसिते, म्हणजे फ्रान्समधली धर्म आणि शासन यांची फारकत, हा त्याचा हुकमी विषय. १९०५ चा कायदा, २००४ मध्ये सरकारी शाळांत ठसठशीत धार्मिक चिन्हांवर आलेली बंदी, सगळं तोंडपाठ. तोंडी परीक्षा शाळेतच झाली, घेणारी मीच होते आणि रेकॉर्डिंग बोर्डाकडे जाणार होतं. त्याने दीड मिनिट धबधब्यासारखं म्हणून दाखवलं. नियम असा की घोकलेलं वाटलं तर परीक्षकाने मध्ये तोडायचं. मी विचारलं, ‘तू मुख्याध्यापक असतास आणि तुझ्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी गळ्यात क्रॉस घालून आली असती, तर काय केलं असतंस?’ तो माझ्याकडे बघत राहिला. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. शेवटी तो पुटपुटला, ‘१९०५ चा कायदा...’ आणि परत तोच उतारा सुरू केला. पोराचा काही दोष नव्हता. त्याला विचार करायची वेळच मी कधी येऊ दिली नव्हती. तेव्हापासून माझ्या वर्गात उतारे लिहून देणं बंद आहे. मुलांनी कार्डावर पाच शब्द लिहायचे आणि बोलायचं. अडखळलं तर अडखळू दे.

म्हणून घरीच एक परीक्षा घेऊन बघा. कुणाला तरी मुलीला फ्रेंचमध्ये सोपा प्रश्न विचारायला सांगा, यूट्यूबवरच्या एखाद्या फ्रेंच शिक्षकाच्या व्हिडिओवरूनही चालेल: ‘आजी-आजोबांनी मुलांच्या घरी राहावं का?’ तिने दोन मिनिटं बोलायचं, वही न बघता. चुका किती होतात ते मोजूच नका. शब्द सापडला नाही की ती काय करते ते बघा. गप्प बसते, इंग्रजी शब्द घुसवते, की वळसा घालून तेच दुसऱ्या शब्दांत सांगते? वळसा घालणारी मुलं ए-लेव्हलला तरतात. सहा ग्रेडची अशी मुलं मी बी आणि ए घेताना पाहिली आहेत, आणि गप्प बसणाऱ्या नऊवाल्यांनी नोव्हेंबरात विषय सोडलेलाही पाहिला आहे.

आता मराठीबद्दल. प्रश्नात तुम्ही ‘घरात मराठी बोलतात’ हे जवळजवळ अडचण असल्यासारखं लिहिलंय. माझ्या अनुभवात इंग्लंडमधल्या मराठी मुलाकडे फ्रेंचसाठी जी शिदोरी असते ती फक्त इंग्रजी येणाऱ्या मुलाकडे नसते. फक्त ती उघडून दाखवावी लागते, कारण शाळेत ती कुणाला दिसत नाही.

उच्चारापासून बघा. एक पातळ कागद ओठांसमोर धरा आणि इंग्रजीत ‘पेपर’ म्हणा, इंग्रज म्हणतात तसं, हवा सोडून. कागद हलतो. आता मराठीत ‘पाणी’ म्हणा. कागद जागचा हलत नाही. फ्रेंच प हा आपला प आहे, क आपला क आहे. त आणि द तर चक्क आपलेच, दातांवर जीभ टेकवून उच्चारायचे. इंग्रज मुलांना हे समजवायला माझा अख्खा महिना जातो. मराठी मुलीला मी फक्त म्हणते, ‘आजीशी बोलतेस तो त काढ.’ चेहरा उजळतो. अर्थात सगळंच फुकट मिळत नाही. फ्रेंच ‘त्यू’ (तू) मधला स्वर आपल्याकडे नाही. ‘ई’ म्हणता म्हणता ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करावा लागतो. आणि आपला व हा ओठ आणि दात यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतो, तो ‘व्हू’ (तुम्ही) साठी दातावर आणावा लागतो. नाकातल्या स्वरांचं म्हणाल तर कोकणी बोलणाऱ्या घरातली मुलं ‘हांव’ म्हणताना ते सहज काढतात. देशावरच्यांना थोडा सराव लागतो.

व्याकरणात तर गंमतच आहे. ‘मी तीन वर्षांपासून इथे राहते’ हे इंग्रजीत म्हणायला वेगळाच काळ लागतो, आणि इंग्रज मुलं तो तसाच्या तसा फ्रेंचमध्ये नेऊन चूक करतात. फ्रेंच म्हणतं, ‘झाबीत इसी दप्वी त्र्वाझाँ’: साधा वर्तमानकाळ आणि ‘पासून’. अगदी आपल्यासारखं. ‘मला हे आवडतं’ हे इंग्रजीत ‘मी’पासून सुरू होतं. फ्रेंचमध्ये ‘सा म प्ले’, आवडणारी गोष्ट कर्ता आणि माणूस ‘मला’च्या जागी. हेही आपलंच.

मुलं सगळ्यात घाबरतात ते सुब्जोंक्तीफला, म्हणजे इच्छा, शंका वगैरे सांगताना लागणाऱ्या क्रियापदाच्या रूपाला. वर्गात मी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिते, भले वर्गात मराठी कळणारी एकच मुलगी असो. ‘ती येते असं मला वाटतं.’ ‘तिने यावं असं मला वाटतं.’ मागचे तीन शब्द जसेच्या तसे, पण पहिल्यात माहिती आहे आणि दुसऱ्यात इच्छा. फरक फक्त ‘ती येते’ आणि ‘तिने यावं’ एवढाच. फ्रेंचमध्ये पहिलं होतं ‘झ पाँस केल व्हिअँ’ आणि दुसरं ‘झ व्ह केल व्हिएन’. व्हिअँचं व्हिएन झालं, येतेचं यावं झालं. इंग्रजीत ही जागाच बुजून गेली आहे, म्हणून इंग्रज मुलाला ती नव्याने खणावी लागते. तुमची मुलगी ‘आईने ओरडू नये’ असं लहानपणापासून म्हणत आलीय. पुढे मात्र मराठी हात सोडते. ‘जरी’ या अर्थाच्या ‘ब्यँ क’नंतर गोष्ट खरी घडलेली असली तरी फ्रेंचला सुब्जोंक्तीफच लागतो, तो पाठ करण्याला पर्याय नाही.

दुसरं प्रसिद्ध भूत म्हणजे पासे कोंपोझे या भूतकाळातला लिंग-वचनाचा मेळ. आपण म्हणतो, मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं. लिहिणारी मी एकच, पण क्रियापद माझ्याकडे न बघता कर्माकडे बघतं. फ्रेंचही हेच करतं, पण एका अटीवर: कर्म क्रियापदाच्या आधी आलेलं पाहिजे. ‘झे एक्री ला लेत्र’, मी चिठ्ठी लिहिली, इथे चिठ्ठी नंतर आली म्हणून मेळ नाही. ‘ला लेत्र क झे एक्रीत’, मी लिहिलेली चिठ्ठी, इथे चिठ्ठी आधी आली आणि शेवटी स्त्रीलिंगी त ऐकू यायला लागला. मराठीत कर्म बहुधा आधीच येतं, म्हणून आपल्याला ही अट लावावीच लागत नाही. हे एकदा कळलं की मुलगी तो नियम जन्मात विसरत नाही. भाषांतराच्या दहा मार्कांत अशा जागा हमखास पेरलेल्या असतात.

आणि आकडे! फ्रान्समध्ये ऐंशीला ‘चार-वीस’ म्हणतात आणि नव्वदला ‘चार-वीस-दहा’. इंग्रज मुलं डोक्याला हात लावतात. खेड्यातली जुनी माणसं ‘चार विसा’ म्हणून मोजायची, त्यांना यात काहीच वावगं वाटलं नसतं. तसंही ज्या लेकराने एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात ठेचा खाल्ल्या आहेत त्याला आकड्यांची भीती कसली?

एक छोटी पण मार्क खाणारी गोष्ट. कार्डाच्या चर्चेत मुलांनी परीक्षकालाही प्रश्न विचारायचा असतो. तो न विचारला तर मार्कांवर परिणाम होतो. इंग्रजी मुलं पटकन ‘तू’वर घसरतात, कारण त्यांच्या डोक्यात एकच सर्वनाम असतं. ‘ए व्हू, मादाम, काँ पाँसे व्हू?’ म्हणजे ‘आणि मॅडम, तुम्हाला काय वाटतं?’ ज्या मुलीने आजोबांना कधी ‘तू’ म्हटलं नाही तिची जीभ तिथे आपोआप ‘व्हू’वर जाते. फक्त तिला आठवण करून द्या की परीक्षक म्हणजे आजोबा.

आता बाबांची ती भीती. घरी फ्रेंच बोलणारी मुलं या परीक्षेला बसतात, हे खरं आहे. परीक्षांवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफक्वालनेही त्याची दखल घेतली आणि २०१७ च्या निकालात फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशच्या वरच्या ग्रेडच्या सीमारेषा त्यासाठी थोड्या सरकवल्या. पण ही मुलं सगळ्याच जागी बाजी मारत नाहीत. त्यांचं ऐकणं-बोलणं सुरेख असतं. निबंधात मात्र ती बोलतात तशी लिहितात, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर करताना ‘अर्थ कळला ना’ म्हणून अर्धं वाक्य गाळून टाकतात. आपल्याकडच्या घरात उत्तम मराठी बोलणारा मुलगा शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाला पडतो ना, तसंच.

निबंधाचं गणित नीट समजून घ्या, कारण विज्ञानाच्या मुली इथे फसतात. प्रत्येक निबंध ४० मार्कांचा, त्यातले निम्मे भाषेला आणि निम्मे कलाकृती समजून घेऊन युक्तिवाद करण्याला. नुसत्या बिनचूक फ्रेंचमध्ये गोष्ट सांगितली तर वरचे २० हातात, खालचे २० गेले. यादीतला १९९५ चा ‘ला एन’ हा चित्रपट घ्या: पॅरिसच्या उपनगरातले तीन तरुण, एक दिवस, कृष्णधवल चित्रण. एका मुलीने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘मग व्हिन्झला पोलिसाचं हरवलेलं पिस्तूल सापडतं.’ मी समासात विचारलं, मग? दुसऱ्या मसुद्यात वाक्य असं झालं: ‘पिस्तूल हाती आल्यावर व्हिन्झला पहिल्यांदा वाटतं की आपलं म्हणणं कुणाला तरी ऐकावं लागेल.’ फ्रेंच तेवढंच सोपं, चुकाही तेवढ्याच, पण आता तो निबंध झाला. पुस्तकांच्या यादीत मोलिएरच्या नाटकापासून अलीकडच्या कादंबऱ्यांपर्यंत बरंच काही आहे. निवड बहुतेक वेळा शाळाच करते, आणि खरं सांगायचं तर अनेकदा कपाटात कुठल्या पुस्तकाच्या प्रती आहेत यावर ती ठरते.

समाजाची माहितीही हवी. बेनेव्होला, म्हणजे स्वयंसेवी काम, हा एक उपविषय आहे. त्यात विनोदी कलावंत कोल्यूशने १९८५ मध्ये सुरू केलेली ‘रेस्तो द्यू कर’ ही अन्नदानाची चळवळ ठाऊक नसेल तर मुलगी हवेत बोलत राहते. कुटुंबाच्या विषयात १९९९ चा पाक्स, म्हणजे लग्नाशिवाय एकत्र राहण्याचा नोंदणीकृत करार, आणि २०१३ चा समलिंगी विवाहाचा कायदा. संपाच्या विषयात २०१८ च्या नोव्हेंबरातली पिवळ्या जॅकेटवाल्यांची निदर्शनं आणि २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्यावरून पेटलेले रस्ते. सिनेमाच्या विषयात ल्युमिएर बंधूंचा २८ डिसेंबर १८९५ चा पॅरिसमधला खेळ सगळेच सांगतात. तुमची मुलगी पुढचं वाक्य जोडू शकते: सात महिनेही झाले नव्हते तेव्हा, ७ जुलै १८९६ ला, त्यांचीच चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. हे वाक्य ऐकलं की परीक्षक मान वर करून बघतो, मी पाहिलंय.

स्वतःच्या संशोधनाचा विषय हा खरा मोकळा प्रांत. फ्रेंच बोलणाऱ्या कुठल्याही देशाशी किंवा समाजाशी त्याचा संबंध पाहिजे, आणि एका शाळेतल्या दोघांचं शीर्षक आणि मांडणी तीच नको. मुलं हटकून पॅरिसची फॅशन, एम्बाप्पे आणि वाइनकडे धावतात. मराठी मुलांना मी मॉरिशसकडे ढकलते. १७१५ पासून १८१० पर्यंत ते बेट फ्रेंचांकडे, मग इंग्रजांकडे, १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र. १८३४ पासून भारतातून गिरमिटिये मजूर तिथे नेले गेले आणि त्यांत आपल्या किनारपट्टीवरचे मराठी लोकही होते. आजही तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच, घरात आणि बाजारात क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली बोली, आणि गणपतीसमोर मराठी आरती. ‘मॉरिशसच्या मराठी माणसाची भाषा कोणती?’ या एका प्रश्नावर मुलगी नऊ मिनिटं काय, नव्वद मिनिटं बोलेल. स्रोत म्हणून तिथली फ्रेंच वर्तमानपत्रं इंटरनेटवर वाचता येतात. आणि परीक्षकाने काहीही खोदून विचारलं तरी तिच्याकडे स्वतःचं उत्तर असतं. तो क्रॉसवाला प्रश्न आठवतोय ना?

मेडिसिनचं थोडक्यात. बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री आणि बायोलॉजीकडे बघतात, आणि अनेक विद्यापीठांना तिसरा विषय कुठलाही चालतो. विद्यापीठ-प्रवेशाचं काम बघणाऱ्या यूकासच्या हिशोबात फ्रेंचच्या ए ला ४८ पॉइंट आणि गणिताच्या ए लाही ४८. पण केंब्रिजवर डोळा असेल तर तिथे प्रवेश मिळणाऱ्यांकडे बहुधा तीन विज्ञान-गणिताचे विषय असतात, तेव्हा तिथे गणितच घ्यावं. शिवाय मेडिसिन बारगळलं आणि इंजिनिअरिंग, इकॉनॉमिक्सकडे वळायचं झालं तर गणित नसल्याने दारं बंद होतात, हेही आईच्या बाजूने सांगायला हवं. चार विषय घेऊन पहिल्या सत्रानंतर एक सोडायची मुभा शाळा देत असेल तर ती वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. फक्त चौघांनाही दोन वर्षं ओढत नेऊ नका, सगळ्याच ग्रेड एकेक पायरी खाली येतात. डॉक्टरला फ्रेंचचा उपयोग काय, असं आई विचारेल. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत वैद्यकीय मदतकार्याला जाणाऱ्या संस्था फ्रेंच येणारे डॉक्टर शोधत असतात, एवढं सांगून मी त्या वादातून बाहेर पडते.

आता शाळेबद्दल, कारण घोडं बरेचदा तिथेच पेंड खातं. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांनंतर परकीय भाषा सक्तीची राहिली नाही आणि वर्ग ओस पडत गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रेंच ए-लेव्हलला पंचवीस हजारांवर मुलं बसायची, आता आकडा आठ हजारांच्याही खाली घसरला आहे. २०१९ मध्ये स्पॅनिशने फ्रेंचला मागे टाकलं. परिणाम असा की वर्गात चार-पाच मुलं, आणि पैशांची चणचण आली की पहिली कुऱ्हाड याच वर्गावर. ओपन ईव्हनिंगला गेलात की निकालाचं चकचकीत पत्रक बाजूला ठेवून थेट विचारा: आठवड्याला तास किती? एक शिक्षक शिकवतो की दोन? पाचपेक्षा कमी मुलं आली तरी वर्ग चालवणार का? बोलण्याच्या सरावासाठी फ्रेंच भाषक असिस्टंट येतो का, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठवड्यातून त्याची किती मिनिटं येतात? ‘येतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. मिनिटं विचारा. आठवड्याला एकट्याने वीस मिनिटं मिळत असतील तर डोळे झाकून नाव घाला. आणि गेल्या वर्षी किती मुलांनी विषय मध्ये सोडला, हेही विचारा. त्या वेळी शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघा.

घ्यायचंच ठरलं तर जूनमधल्या परीक्षेनंतरचे दहा आठवडे वाया घालवू नका. व्याकरणाचं जाड पुस्तक आणू नका, ते सप्टेंबरात मी देतेच. रोज पंधरा मिनिटं आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या ऐकायच्या, त्यांच्याखाली मजकूरही असतो. पहिल्यांदा न वाचता, दुसऱ्यांदा वाचत, तिसऱ्यांदा त्यांच्या बरोबरीने मोठ्याने म्हणत. तिसरी फेरी मुलं टाळतात, लाज वाटते म्हणून. खोलीचं दार लावून घेऊ द्या. क्रियापदांचे तक्ते मात्र पाठच करायचे, यात मी जुन्या वळणाची आहे. एत्र (असणं), आव्ह्वार (जवळ असणं), आले (जाणं), फेर (करणं) या चौघांची सगळी रूपं झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत. पाढ्यांसारखी.

आणि सुट्टीत पुण्याला किंवा जिथे असेल तिथे आजीकडे जाणार असाल, तर त्या महिन्यात मुलीने आजीशी इंग्रजीत उत्तरं द्यायची नाहीत. ‘तू यावंस असं आजीला वाटतं’ आणि ‘तू येतेस असं आजीला वाटतं’ यातला फरक ती आजीच्या स्वयंपाकघरातच पक्का करून येईल. सप्टेंबरात मी फळ्यावर खडू ठेवीन तेव्हा मला ते बरं पडेल.